आठव्या फोटोतली वीज

विजेचा फोटो काढायची खोड मला कुठून लागली, देव जाणे. आमचा चांदा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता आणि मी ब्रह्मपुरीपासून दोन कोसांवरच्या खेड्यात शाळामास्तर. जवळ एक डब्याचा कॅमेरा. त्याचा रोल नागपूरहून यायचा, धुवायलाही नागपूरलाच जायचा, आणि एका रोलात फोटो आठ. त्यातले सात मी त्या वर्षी विजांवर उधळले. हाती काय लागलं? डोंबल!

वीज काही सांगून चमकत नाही. संध्याकाळी आभाळ भरून आलं की मी ओसरीवर धान मोजायच्या उपड्या पायलीवर कॅमेरा ठेवायचो, त्याचा डोळा उघडा धरायचो आणि वाट बघत बसायचो. चमकली की बंद. नाहीच चमकली तर हळूच बंद करायचं आणि रोल पुढं सरकवायचा नाही. अंधाराचा फोटो येत नाही, म्हणजे ती जागा कोरीच. या काटकसरीचा मला मोठा अभिमान होता.

घरमालक धानाचा शेतकरी, साठीतला, थट्टेखोर. ‘गुरुजी, वीज का नवरी हाय, तिचा फोटू काढून राह्यले?’ त्याची बायको त्याहून वरचढ. गडगडलं की अंगणात विळा फेकायची. लोखंड टाकलं की वीज घरावर येत नाही म्हणे. तो नेमका माझ्या कॅमेऱ्यासमोर पडायचा आणि मी तिच्यावर खेकसायचो.

त्या वर्षी हस्ताच्या पावसात घरमालकानं अंथरूण धरलं. पोट फुगलेलं, अन्न जाईना. वैदू झाला, अंगारे झाले; शेवटी दुसऱ्या दिवशी सकाळी बैलगाडीनं स्टेशनवर आणि तिथून चांद्याच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. त्याच संध्याकाळी आभाळ गरजू लागलं. आत माणूस कण्हतोय आणि मी बाहेर कॅमेरा लावून बसलोय! लाज वाटायला हवी होती, वाटली नाही. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या लाल खिडकीत आठचा आकडा, म्हणजे शेवटचा फोटो. बराच वेळ काही नाही. कंटाळून बंद करायला हात घातला आणि तेवढ्यात सागाच्या झाडांमागं वीज लखलखली. सापडली की हुकली? हुकली, असं मीच ठरवलं. रोल सरकवला नाही.

सकाळी गाडी जुंपली तेव्हा घरमालकीण माझ्यापुढं येऊन उभी राहिली. एरवी मोठ्या आवाजाची बाई, त्या दिवशी पुटपुटली, ‘गुरुजी, ह्यायचा एक फोटू काढून द्या. घरात एकबी नाई. परत नाई आले तर मी काय पाहू?’

मनात शंकेची पाल चुकचुकली: कालची वीज त्या आठव्यात सापडली असली तर? रोल संपला म्हणालो असतो तर ते फारसं खोटंही नव्हतं. पण तिच्या तोंडाकडं पाहून नाही म्हणवेना. गाडीत टेकवून बसवलेल्या घरमालकानं फेटा नीट केला. ‘विजेनंतर माहा नंबर का?’ म्हणाला आणि हसला. मी कळ दाबली.

पाचव्या दिवशी त्याला आणायला स्टेशनवर गेलेली गाडी परत आली, तो आला नाही.

महिन्याभरानं नागपूरचं पाकीट आलं. पहिले सात फोटो काळेकुट्ट. आठव्यात गाडीचं चाक स्पष्ट, मांडीवरचा हात स्पष्ट, हातातलं चांदीचं कडंसुद्धा. आणि फेट्यापासून छातीपर्यंत फांद्या फुटलेली लख्ख पांढरी वीज. चेहरा तिच्याखाली गेलेला. जन्मात एकच वीज सापडली, ती तिथं! दोन दिवस मी पाकीट पेटीत दडवलं. तिसऱ्या दिवशी पोस्टमनकडून कळून घरमालकीणच विचारायला आली. करतो काय? दिला फोटो.

दारातल्या उजेडात तिनं तो बराच वेळ पाहिला. कडं ओळखलं, त्यावर बोट ठेवलं. मग म्हणाली, ‘ह्यायचं तोंड कुठी हाय?’

‘चूक माझी आहे, बाई. आदल्या दिवशीची वीज त्याच जागेवर...’ मी सांगू लागलो. तिला ते कळलं नाही, कळावं कसं? तिनं पदराचं टोक ओलं केलं आणि लेकराचं तोंड पुसावं तसं त्या पांढऱ्या रेषेवरून जपून फिरवलं. पुन्हा फिरवलं.

‘निघून नाई राह्यलं, गुरुजी. तुम्ही पुसून पाहा बरं.’

आणि दुसरं काही सुचेना म्हणून मी फोटो हातात घेतला आणि पुसू लागलो.