चि. झालेल्या खुर्च्या

आमचे सासरे पाट्या रंगवायचे. गुडघ्यांनी दगा दिला, शिडी सुटली आणि दिवसभर घरात बसून बाबा माझ्या स्वयंपाकात चुका काढू लागले. म्हणून मीच त्यांना सरकारी इस्पितळात सेवेला धाडलं. तिथे पेशंट उदंड, माणसं कमी. फुकटचे हात कोणाला नको असतात? बाबा चाकाच्या खुर्च्या ढकलू लागले. त्यांच्या गुडघ्यांना आधार, माझ्या डोक्याला आराम.

मग एका व्यापाऱ्याने नव्या खुर्च्या दान दिल्या. प्रत्येकीच्या पाठीवर, आतल्या बाजूला, ‘कै.’, पुढे नाव, खाली ‘यांच्या स्मरणार्थ’. पेशंट बसला की बाकीचं झाकलं जायचं आणि खांद्याशेजारी तेवढं ‘कै.’ दिसत राहायचं. पाय प्लास्टरात असलेल्या एका आजींना नातीने ते वाचून दाखवलं. मला अजून अवकाश आहे, म्हणत आजी उठल्या आणि भिंत धरून लंगडत एक्स-रेला निघाल्या. पडता पडता वाचल्या. त्यानंतर त्या खुर्च्यांत कोणी बसेना.

बाबांनी घरून ब्रश नेला आणि सगळीकडे ‘कै.’ खोडून ‘चि.’ केलं. कोणीतरी पिकलं पान असणार, त्याला वयात सूट दिली, असं मला हसत सांगितलं. दुसऱ्या दिवशी आजी लाजत लाजत चिरंजीव झाल्या.

व्यापारी आणखी खुर्च्या घेऊन आला, तेव्हा मी बाबांचा डबा द्यायला गेले होते. ‘चि.’ पाहून मोठ्या डॉक्टरांची पाचावर धारण बसली. उद्यापासून येऊ नका, त्यांनी बाबांना सगळ्यांसमोर सुनावलं. बाबांचा चेहरा पार उतरला. मला फार वाईट वाटलं. माझ्या स्वयंपाकघराची काळजी नंतर आठवली.

व्यापारी मात्र त्या अक्षरांवरून बोट फिरवत उभा होता. त्याचा कॉलेजात शिकणारा मुलगा गेला होता; खुर्च्यांवर त्याचंच नाव होतं.

“कै. मला कधी लिहवलंच नाही,” तो म्हणाला. “ते रंगवणाऱ्याने घातलं.” मग बाबांकडे वळला. “नव्या खुर्च्यांवरही असंच लिहाल?”

बाबांनी मान डोलावली.

“घरी काय म्हणायचात त्याला?” बाबांनी विचारलं.

“ढब्बू,” व्यापारी म्हणाला आणि जवळच्या खुर्चीत बसून रडू लागला.