निकिताचं फ्रेंच आणि माझ्या हातातलं मुसळ

मित्रहो, आज हाणामारी होता होता राहिली, आणि ती फ्रेंच भाषेमुळे.

दुपारी पारोळ्याजवळ निकिताच्या शेतात भरीत पार्टी होती. निकिता मला आवडते, हे तिच्या घरचे सोडून सगळ्यांना माहीत आहे. ती फ्रेंच शिकते. उद्या परीक्षा, म्हणून भाजलेली वांगी सोलता सोलता इंग्रजी वाक्प्रचार फ्रेंचमध्ये कसे न्यायचे ते मला समजावत होती. "शब्दाला शब्द लावायचा नाही. तिथली माणसं काय म्हणतात ते शोधायचं."

समोर पातीचे कांदे चिरत बसलेला तिचा चुलतभाऊ भूषण हसला. "फ्रान्सले कोन जाई राह्यनं? आन तू रे, कॉलेज सोडीसन आते फ्रेंच शिकी राह्यना का?"

मी कॉलेज अर्धवट सोडलंय; तो विषय कुणी काढला की माझं डोकं फिरतं, तसं फिरलं. भरीत ठेचायचं मुसळ हातातच होतं. मी उठलो. ते उगारलं असतं तर या घराचं दार मला कायमचं बंद झालं असतं.

निकिता शांतपणे म्हणाली, "भूषणदादा, इंग्रज म्हणतो, आपल्या कामाशी काम ठेव. फ्रेंच माणूस म्हणतो, तू तुझे कांदे बघ. तुझे तर अर्धे चिरायचेच राहिलेत."

सगळे खो-खो हसले, तिचे वडील आबासुद्धा. भूषण पुन्हा कांदे चिरू लागला. मग ती मला हळूच म्हणाली, "बस खाली. माझं भांडण मला करता येतं."

मी बसलो. गेल्या वर्षी बसलो नसतो.

निघताना आबा म्हणाले, "येत जाय रे भाऊ."

तुमचं डोकं फिरतं तेव्हा तुम्हाला खाली कोण बसवतं?