मागून वाचणारे पाशाचाचा

हातात आलेला कुठलाही पातळ कागद पाशाचाचा आधी उलटा करायचे, खिडकीच्या उजेडासमोर धरायचे आणि मागून वाचायचे. बसस्टँडवर कोणी हातात कोंबलेलं क्लासचं पत्रक असो की किराणा दुकानाची चिठ्ठी, सुलट बाजू त्यांना नंतर आठवायची. मी कारखान्यात नवा होतो तेव्हा न राहवून विचारलं, "चाचा, हे काय?"

"अक्षर समोरून गोड बोलतं, साब," ते म्हणाले. "खरं काय हाय ते मागून कळतं."

त्यांचं पूर्ण नाव चाँदपाशा. औशाहून रोज सकाळच्या एसटीनं लातूरला यायचे. एमआयडीसीत आमचा पाकिटं छापण्याचा कारखाना आहे. डाळी, बियाणं, मसाले, पापड, जे काही पिशवीत भरलं जातं त्याची पिशवी आमच्याकडची. छपाई ग्रॅव्ह्युअरची, कारखान्याच्या भाषेत रोटो. यात एकेका रंगाचा एकेक जड रोल असतो आणि त्याच्यावरच्या तांब्याच्या थरात अक्षरं, चित्रं कोरलेली असतात. एक टिंब बदलायचं म्हटलं तरी रोल पुन्हा कोरावा लागतो. छपाई पारदर्शक फिल्मच्या आतल्या अंगानं होते, म्हणजे शाईला हात लागत नाही. त्यामुळे मशीनवाला ज्या बाजूला उभा असतो, तिथून सगळी अक्षरं उलटी दिसतात. चाचा तिथे तीस वर्षं उभे होते.

शिक्षण चौथीपर्यंत, तेही उर्दू शाळेत. मराठी ते मशीनवरच शिकले, उलटीच. "उर्दू उजवीकडून, मशीनची मराठी बी उजवीकडून," असं म्हणून ते खूष व्हायचे. "अल्लानं हे काम माझ्या मापानं शिवलंय."

माणूस सरळ होता, पण गरीब गाय नव्हता. मशीनला कोणी टेकून उभं राहिलं की अंगावर धावून जायचे. रोलवरची जादा शाई पुसणाऱ्या पोलादी पात्याला या धंद्यात डॉक्टर म्हणतात. चाचांनी स्वतःला त्या डॉक्टरचा कंपाउंडर नेमलं होतं. छपाईत रेघ उमटली की म्हणायचे, "डॉक्टर आज नाराज हाय. थांबा, समजूत काढतो." लाल रंग मिसळताना जवळ कोणी बोललेलं खपायचं नाही. आणि मालकांनी डिजिटल मशीनचं नाव काढलं की नाक मुरडायचे. "शंभर पाकिटं पाहिजेत, जावा त्या झेरॉक्सवाल्याकडं. लाख पाहिजेत, या पाशाकडं."

मी तिथे डिझाइन आणि मजकूर तपासायला होतो. एम.ए. मराठी. हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मालकांच्या घरच्या लग्नाची पत्रिका मी तपासली होती. छापून आल्यावर चाचांनी सवयीनं ती खिडकीशी धरली आणि म्हणाले, "ही वेलांटी घर चुकली की." 'निमंत्रण'चं 'नमिंत्रण' झालं होतं. फॉन्ट बदलताना असं होतं. मालक पोट धरून हसले, पत्रिका पुन्हा छापल्या आणि चाचांना सगळ्यांसमोर पेढा भरवला. मीही हसलो. पण तो पेढा माझ्या घशात अडकला तो अडकलाच. चौथी पास माणसानं माझी वेलांटी पकडावी!

त्यानंतर वर्षभरानं एका डाळमिलचं मोठं काम आलं. मालक तेव्हा रोटो ठेवायची की मोडीत काढायची या विचारात होते. गिऱ्हाइकांना थोडा थोडा माल हवा असायचा, दर महिन्याला नवं चित्र हवं असायचं, आणि रोल कोरून यायला दिवस लागायचे. हे काम नीट झालं तर रोटो राहणार हे चाचांना ठाऊक होतं. छपाईच्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालून आले होते.

मशीन सुरू करून, थांबवून, पहिला तुकडा फाडून ते माझ्या टेबलाशी आले. "साब, डाळ शिजली न्हाई."

पाकिटावर 'लवकर शिजणारी तूरडाळ' असं हवं होतं. मी तुकड्याकडे पाहिलं. मला 'शिजणारी'च दिसलं. चार वेळा आधी तपासताना दिसलं होतं तसंच.

"मागून बघा," ते म्हणाले. "वेलांटी ज वर गेलीय. शजिणारी झालंय."

आजूबाजूला चार जण होते. मला पेढा आठवला. मी म्हणालो, "चाचा, उर्दू शाळेतून येऊन आता मला वेलांटी शिकवणार का? जा, चालू करा मशीन."

चौघे हसले. चाचांनी तुकडा घडी करून खिशात ठेवला, "हाव साब," म्हणाले आणि गेले. दिवसभर मशीन चाललं.

चूक डाळमिलवाल्यांनी पकडली. मालकांनी आधी मला एकट्याला आत बोलावलं. मी खरं सांगणारच होतो, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. मी दार ढकलतानाच ठरवलं होतं. म्हणालो, "पहिला तुकडा मला दाखवायची पद्धत आहे. पाशाचाचांनी दाखवलाच नाही."

मग चाचांना बोलावलं. मालक म्हणाले, "पाशा, तुकडा यांना दाखवला नाहीस?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरमधली एकादशी वाचत होतो. त्यांचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला आणि परत आला.

"साब म्हणतात, तर तसंच असंल," ते म्हणाले.

टेबलाशी हसलेल्या त्या चौघांना कोणी विचारलं नाही, आणि तेही आपणहून पुढे आले नाहीत. त्याच आठवड्यात चाचांना घरी पाठवलं. रोटोवर ताडपत्री पडली आणि डिजिटल मशीन आलं. ते सुबक आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण दोन वर्षांनी मोठ्या मिलवाल्यांची कामं त्याला झेपेनात. लाखांनी पाकिटं छापायची तर रोटोच लागते. ताडपत्री निघाली, पण मशीन कोणाचं ऐकेना. मालक मला म्हणाले, "जाऊ दे मागचं. औशाला जा आणि पाशाला घेऊन ये."

चाचा अंगणात बाजेवर बसले होते. मला पाहून उठले, आत हाक मारून चहा सांगितला. मी निरोप दिला, वर म्हणालो की तुमच्याशिवाय कारखान्याला शोभा नाही.

"समोर तुम्ही लई गोड बोलता, साब," ते म्हणाले. त्यात राग नव्हता. "मी येतो. डॉक्टरची समजूत माझ्याशिवाय कोण काढनार? पण एक करा. मालकाला एवढंच सांगा, पाशानं तुकडा दाखवला होता. भांडत न्हाई मी. फक्त त्यांना ठावं पाहिजे. मग त्यांचा निरोप आला की दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं हजर."

मी "हो, हो" म्हणालो. परतीच्या एसटीत ते एक वाक्य मनात घोळवत राहिलो. केबिनमध्ये गेलो. मालकांनी विचारलं, "काय म्हणाला?"

"नाही येत म्हणतात," मी म्हणालो. "नजर गेलीय त्यांची."

पहिल्या खोट्याला मी घाबरलो होतो, असं तरी म्हणता येईल. दुसऱ्याला तेवढीही सबब नाही.

हिवाळ्यात ते गेले. मी मातीला गेलो आणि लांब उभा राहिलो. त्यांचा मुलगा माझ्यापाशी आला. "अब्बा रोज सकाळी तयार होऊन बसायचे," तो म्हणाला. "म्हणायचे, साब मालकाचा निरोप घेऊन येतील. उगं उशीर नको." त्याला बाकी काही ठाऊक नव्हतं. चाचांनी घरातही माझं नाव घेतलं नव्हतं.

रोटो आता हैदराबादहून आणलेला माणूस चालवतो. मी प्रत्येक तुकडा उलटा करून उजेडासमोर धरतो आणि मगच सही करतो. लोक म्हणतात, सरांचं काम चोख असतं.

मालक थकलेत, पण नवा माणूस कामाला लागला की ते त्याला मशीनशी नेतात आणि हटकून एक गोष्ट सांगतात. "इथं आमचा एक पाशा होता. त्यानं लातूरची डाळ शिजूच दिली नाही!" सगळे हसतात.

मीही हसतो.