आज नातेवाईक कोण?

शिलाईवाल्या मावशींच्या तोंडाला कुलूप कधीच नव्हतं. शवागाराच्या मागच्या खोलीत भलेभले कुजबुजत बोलतात, पण मावशी तिथे बेवारस मृतांसाठी पांढरं कापड शिवता शिवता नळाच्या बारीक धारेवरून साऱ्या सरकारचा उद्धार करायच्या. "जित्यांना नाही, मेलेल्यांना तरी धड आंघोळ मिळू दे!"

हे काम करणारे तिघं. शववाहिकेचा ड्रायव्हर मशिदीत जाणारा, निवृत्त कंपाउंडर चर्चमधला आणि मावशी देवळातल्या. ज्याचं कुणी नाही त्याला हे तिघं न्हाऊ घालून पोचवायचे. धर्म कळला नाही तर प्रत्येकजण आपापली प्रार्थना म्हणायचा. शिवाय त्यांनी एक रीत पाडली होती. दर खेपेला एकाने त्या माणसाचा नातेवाईक व्हायचं. भाऊ, काका, बहीण, सुचेल ते. बिनमाणसाचं कुणी जाऊ नये, एवढाच हट्ट.

त्या सकाळी पुलाखाली सापडलेला एक म्हातारा आला. पुरुष त्याला आत धूत होते आणि खिशात नाव-गाव सापडतंय का ते बघायला कपडे मावशींकडे आले होते. शर्ट विटून गेलेला, कॉलर विरलेली. आतून मात्र एक चोरखिसा होता, पिवळ्या फुलाफुलांच्या कापडाचा.

मावशींनी तो खिसा उलटून पाहिला. ते कापड त्यांच्या धाकटीच्या फ्रॉकातून उरलेलं. गर्दीत नवऱ्याचा खिसा कापला गेला, तेव्हा त्यांनीच हा चोरखिसा बसवून दिला होता. तोच शर्ट घालून तो कामावर म्हणून गेला, तो गेलाच. दोन पोरी पदरात टाकून!

त्या धडपडत आत गेल्या. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली. नाक तेवढं तेच, थोरलीच्या चेहऱ्यावर रोज दिसणारं. मावशींनी शर्ट मुठीत घट्ट आवळला.

गप्प राहिलं तर कुणाला कळणार होतं? आपल्याला वाऱ्यावर सोडून गेला, आता जाऊ दे बेवारस. फिट्टंफाट! बोललं तर हा मेल्यावर पुन्हा घरात शिरणार आणि पोरींना सगळं सांगावं लागणार.

"मावशी, पांढऱ्याफटक पडलात. काही सापडलं का?" कंपाउंडरने विचारलं.

"नसेल तर नसू दे," ड्रायव्हर म्हणाला. "आज माझी पाळी. मी भाऊ."

"नको. आज मी."

"अहो, मागच्या वेळी तुम्हीच झालात की बहीण!"

"बहीण नाही. बायको."

ड्रायव्हर हसायला गेला आणि मावशींच्या मुठीतला शर्ट पाहून त्याचं हसू घशातच अडकलं. हातातला मग फरशीवर आपटला. कंपाउंडरने चष्मा काढला आणि तो पुसायचंही विसरला.

"मग आता धर्म माहीत आहे," शेवटी कंपाउंडर हळूच म्हणाला. "प्रार्थना तुमचीच, मावशी. तुम्हीच म्हणा."

मावशींनी हात जोडले. इतक्या परक्यांसाठी घडाघडा म्हटलेली प्रार्थना, पण पहिला शब्दही येईना. नुसता राग उसळून आला.

"ह्याच्यासाठी माझ्या तोंडून देवाचं नाव निघत नाही, बाबांनो," त्या म्हणाल्या. "पण तसाच नका पाठवू त्याला. तुमचं तुम्ही म्हणा. दोघंही म्हणा."