विहिरीत म्हणून पाहिलेली ओळ

पोळ्याच्या तोरणाखाली मामांवर मी जी झडती म्हटली, ती तोंडातून निसटली, असंच मी सांगत आलो. बायकोलाही तेच सांगितलं. ती निसटली नव्हती. कितीतरी दिवस घासूनपुसून मी ती तयार केली होती, आणि तीही मामांच्याच विहिरीवर. यंदाच्या श्रावणापर्यंत हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

आमचं गाव अमडापूरजवळ. पोळ्याला सजवलेले बैल तोरणाखाली उभे राहिले की आमच्याकडे झडत्या म्हणतात. यमक जुळवलेल्या दोन-चार ओळी, कुणाला तरी चिमटा काढणाऱ्या. शेवटी सगळ्यांनी 'हर हर महादेव' म्हणायचं, ज्याला चिमटा बसला त्यानंही. मामा यातले उस्ताद. माझ्या नात्याचे नव्हेत, शेजारच्या शेताचे. पण सारं गाव त्यांना मामाच म्हणायचं.

मी घुमा पोरगा. शाळेत 'हजर' म्हणतानाही माझा आवाज फुटायचा नाही. दहावीनंतर मामांनी मला धरून विहिरीच्या काठावर उभं केलं. "खाली पाहून बोल. विहीर कोणाले हसत नाही," म्हणाले. मी बोलायचो, आवाज दगडांना लागून परत यायचा. तो माझाच आहे यावर विश्वास बसायला एक उन्हाळा गेला. यमक कसं जुळवायचं यापेक्षा दम कुठं घ्यायचा, हे त्यांनी जास्त शिकवलं. आणि एक नियम घालून दिला. झडती वर बसलेल्यावर म्हणायची. सरपंचाला सोडू नका, सोसायटीच्या चेअरमनला सोडू नका. पण ज्याच्या घरात दुखणं आहे, त्याच्या दारावरून मुकाट पुढं जायचं.

मी वीस वर्षांचा असेन. मामी माहेरी, पिंपळगाव राजाला निघून गेल्या. काय बिनसलं ते मामांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्याच सुमारास माझ्या बरोबरीची पोरं मला मामाचा पोपट म्हणायला लागली होती. पढवलं तेवढंच बोलते बे हा, असं. मला ते फार लागलं. आपण पोपट नाही हे दाखवायचं होतं, आणि गाव हमखास हसेल अशी एकच गोष्ट मला समोर दिसत होती.

"बैलाले घातली झूल, शिंगाले लावला रंग,
घरची गेली माहेरी, आता बैलच याच्या संग."

गाव एवढं हसलं की बैल बुजले. मामा आपल्या जोडीचे कासरे धरून समोरच उभे होते. 'हर हर महादेव'मध्ये त्यांचा आवाज मला वेगळा ऐकू आला, नेहमीसारखाच खणखणीत. त्यानंतर मात्र त्यांनी कधी झडती म्हटली नाही. दिवाळीनंतर मामी परत आल्या, संसार नीट चालला. मामा वाटेत भेटले की "काय बे, बरं हाय ना?" विचारायचे. मीच मग त्यांच्या शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून जायचं सोडलं.

यंदा श्रावणात शेतात गेलो, तर मामांच्या विहिरीकडून माझ्या पोरीचा आवाज आला. ती चिखलीला कॉलेजात जाते. घरी काही न बोलता, बसमधून उतरून परस्पर तिकडे जात होती. मामा आता गुडघ्यांनी थकलेत. काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. दम इथं नको घेऊ बाई, लोकांना आधी हसू दे, असं काहीतरी तिला सांगत होते.

मला पाहून पोरगी ओशाळली आणि पाणी आणायचं निमित्त करून गेली. मी मामांजवळ मातीतच बसलो. म्हटलं, "मामा, ते निसटलं नव्हतं. मी इथंच म्हणून पाह्यलं होतं."

ते काठीनं माती उकरत राहिले. "माहीत हाय मले. इथंच निंबाखाली आडवा पडलो होतो त्या दिवशी. ऐकलं सारं."

"मंग तुमी पोळ्यात आले काऊन?"

"वाटलं, ऐन टायमाले गिळशील." मग जरासं हसले. "पण दम बराबर जागी घेतला होता बे तू."

मी माफी मागायला गेलो, तर त्यांनी हातानंच थांबवलं. "मले एकट्याले सांगून काय होते? ज्यायच्यासमोर बोलला त्यायले सांग. अन् तुह्या मामीले. तिच्या माहेरापर्यंत गेलती तुही झडती."

पोळ्याच्या दिवशी पोरगी तोरणाखाली उभी राहिली तेव्हा दोन-चार म्हातारे कुरकुरले. पण चिखली रस्त्यावरच्या खड्ड्यांवरची तिची झडती अशी बसली की सरपंचालाही हसावं लागलं. मामा इतक्या वर्षांनी पारावर येऊन बसले होते. 'हर हर महादेव' आधी त्यांनीच उचललं. पोरगी त्यांच्याकडे पाहत होती, माझ्याकडे नाही, आणि मला त्याचं बरंच वाटलं. तिच्यामागून मी पुढं व्हायचं ठरवून गेलो होतो. घशातून आवाजच निघाला नाही. तोरण तुटलं, पोळा फुटला, बैल घरोघर गेले.

त्या संध्याकाळी पोरीला सगळं सांगितलं. ती दोन दिवस चिडलेली होती. मग स्वतःच मला विहिरीवर घेऊन गेली. आधी मामीला सांगायचं, मग पुढच्या पोळ्यात गावाला, असं तिनं ठरवून टाकलंय. मी खाली पाहून म्हणून पाहतो. अजून अर्ध्यात अडकतो, पण पहिल्या दिवसापेक्षा पुढं जातो.

ती ओळ मी जाणूनबुजून म्हटली, हे मामीला आणि गावाला सांगणं माझ्याकडे अजून बाकी आहे.