आर्डिस ह्यूबरचं फोमचं हरीण

आर्डिस ह्यूबर मर्लच्या धनुष्यबाणांच्या दुकानात शिरली ती थेट मागच्या भिंतीकडे गेली. तिथे नेमाच्या सरावाची फोमची हरणं ओळीनं उभी होती. पहिल्या हरणाच्या बरगडीत तिनं अंगठा दाबला. खड्डा पडला आणि तसाच राहिला. ती पुढच्या हरणाकडे सरकली.

"अगं, हरीण बघतेयस की कलिंगड?" काउंटरमागून मर्ल म्हणाला.

"कलिंगड एकदाच कापायचं असतं. हे मला उन्हाळाभर पुरायला हवं."

"तू एकटी मारणार. तुला ते कोपऱ्यातलं स्वस्त चालेल की."

"एकटी नाही. तिरंदाजीचा सगळा क्लब येणार आहे."

मर्लनं हातातलं काम खाली ठेवलं. आर्डिसच्या परसात आजवर कोणी बोलावून गेलेलं त्याला आठवत नव्हतं. "का गं? मरायला टेकलीस काय?"

"मी नाही," आर्डिस म्हणाली.

तिचं सगळं आयुष्य नदीकाठच्या कागद गिरणीत गेलं होतं. ओल्या कागदाचे रूळ गुंडाळायचं यंत्र ती चालवायची. रूळ वाकडा चढला, तर यंत्र थांबवून सगळा कागद सुरीनं कापून काढावा लागे, आणि ते काम हाताचं, घामाचं. त्यामुळे आधीच नीट लावायची तिला सवय. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. गिरणी सुटल्यावर बागकाम, थंडीसाठी लाकडं फोडणं आणि धनुष्य, एवढंच उरलं. विस्कॉन्सिनच्या त्या भागात धनुष्य असणं यात विशेष काही नाही. पण आर्डिस नीट मारायची. जे मारायची त्याचं मांस सोलून, कापून, कागदात गुंडाळून फ्रीजरला लावेपर्यंत ती कोणाला हात लावू द्यायची नाही.

मागच्या हिवाळ्याआधी तिनं हरणाचा एक नर मारला. त्याला ती ओळखत होती. डाव्या शिंगाचं कपाळाजवळचं टोक दुभंगलेलं, सापाच्या जिभेसारखं. आधीचे हंगाम तिनं त्याला सोडून दिलं होतं, कारण तो वाढत होता. त्या संध्याकाळी तो तिच्या मचाणाखाली डावी कूस देऊन उभा राहिला. बाण पुढच्या पायामागच्या घडीत, जिथे जायला हवा तिथेच गेला. नर उडाला, धावला आणि कुंपण ओलांडून गॉर्डी प्लिस्काच्या रानात शिरला.

तिथल्या कायद्यानं शेजाऱ्याच्या हद्दीत त्याला विचारल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही, मग आपलं जनावर पलीकडे मरून का पडेना. आर्डिस मचाणावरून उतरली आणि गॉर्डीच्या दारात गेली. गॉर्डी मोजे घालून दारात आला.

"आत्ता नको," तो म्हणाला. "सासरची माणसं आलीत. सकाळी बघू."

सकाळी ती गेली तेव्हा तो ट्रॅक्टर धूत होता. "मी पहाटेच फिरून आलो गं. काही नाही. रक्ताचा थेंब नाही. चुकलीस तू. होतं असं या वयात."

नाताळच्या आधी तो नर गावातल्या बारच्या भिंतीवर लागला. पुढच्या पायांमागपर्यंतचे खांदे, मान, डोकं, काचेचे डोळे आणि ते दुभंगलेलं टोक. खाली पितळी पट्टीवर गॉर्डीचं नाव. दर शुक्रवारी बारमध्ये तळलेला मासा मिळायचा, त्यासाठी आर्डिस गेली होती. तिनं वर पाहिलं, मासा संपवला, ताट काउंटरवर नेऊन ठेवलं आणि घरी आली. ती दाराबाहेर पडताना गॉर्डी मागून सगळ्या बारला सांगत होता, "आर्डिसनं पण मारलंन् त्याच्यावर. पाठीवरून गेला बाण! म्हातारीला चष्मा घेऊन द्या रे कोणीतरी." लोक हसले. हसणाऱ्यांत क्लबची अर्धी माणसं होती.

शिकार खात्याच्या माणसाला फोन करायचा विचार तिनं एकदा केला आणि सोडून दिला. तो येणार, कागद लिहिणार, गॉर्डी 'सिद्ध करा' म्हणणार. समजा दंड झालाच, तरी गॉर्डी तो भरणार आणि विसरणार. तिला दंड नको होता. तो ज्या लोकांपुढे हसला, त्या लोकांपुढे त्याचं तोंड बंद झालेलं तिला बघायचं होतं. हिवाळाभर लाकडं फोडताना ती तेवढंच बघत होती.

म्हणून ती मर्लच्या दुकानात आली होती.

मर्लनं तिला सगळी हरणं दाखवली. सगळ्यात स्वस्त होतं ते हलकं. आत पोकळ वाटावं असं. शिकारीचे पात्यांचे बाण त्याला पावासारखं कापणार. दुसरं थरांचं, फोमच्या पातळ चकत्या एकावर एक दाबून केलेलं. साधे बाण ते छान थांबवतं, पण उन्हात आणि पावसात थर सुटतात. तिसऱ्याच्या पोटाच्या मध्यभागी बदलता येणारा गोल ठोकळा बसवला होता.

"हे खूप खपतं," मर्ल म्हणाला. "ठोकळा फाटला की फक्त तेवढा बदलायचा. गॉर्डीकडे हेच आहे."

"माहितेय. कुंपणावरून दिसतं." आर्डिसनं ठोकळ्यावर तळवा ठेवला. "पण हा बघ कुठे आहे. मधोमध. खऱ्या हरणाला इथे मारलंस तर ते आतड्यात बाण घेऊन रात्रभर फिरेल."

"ठोकळा मोठा करायचा तर मध्येच बसवावा लागतो. पुढे जागा कुठेय?"

"तेच म्हणतेय मी. रोज इथे मारणाऱ्याचा हात इथलाच होतो."

मर्ल खांदे उडवून शेवटच्या हरणाकडे वळला. ते जड, दाट फोमचं, खऱ्या नराएवढं. ठोकळा खांद्यामागे, बरोबर जागेवर आणि दोन्ही बाजूंनी भेदता येईल असा. आर्डिसनं दुकानातलाच एक बाण मागितला आणि मागच्या मोकळ्या जागेत जाऊन मारला. मग बाण काढायला गेली. एका हातानं निघेना. हरणाच्या कुशीला गुडघा लावून, दोन्ही हातांनी, सरळ रेषेत ओढल्यावर कुठे तो निघाला. भोक तिथल्या तिथे मिटलं.

"काढायला जीव जातो," मर्ल म्हणाला. "लोक याच्यामुळेच परत आणून देतात."

"जे सहज निघतं ते सहज फाटतं. किती?"

मर्लनं सांगितलेली किंमत ऐकून तिनं मान हलवली. तेवढ्यात गवत कापायचं चांगलं जुनं यंत्र आलं असतं. मग तिची नजर खिडकीत उभ्या असलेल्या त्याच जातीच्या हरणाकडे गेली. उन्हानं एका अंगानं रंग उडालेला, उजवं शिंग तुटलेलं.

"ते?"

"ते दाखवायचं आहे. शिंग गेलंय त्याचं."

"शिंगावर कोण मारतो? तुझी गिऱ्हाइकं?"

मर्ल हसला आणि त्यानं निम्म्या किमतीत ते तिच्या ट्रकमध्ये चढवलं. चढवताना दोघांनाही धाप लागली. वजन बघून आर्डिस खूश झाली.

घरी येऊन तिनं ते परसाच्या टोकाला, मातीच्या बांधापुढे उभं केलं. पायात लोखंडी सळया ठोकल्या. उभं करायला तिनं सबंध दुपार घेतली. नेम धरायच्या रेषेवर जायची, बघायची, परत येऊन हरीण थोडं वळवायची. शेवटी ते तिला हवं तसं बसलं, उजवी कूस पूर्ण रेषेकडे आणि डावी बांधाकडे. डावी कूस बघायची तर माणसानं मुद्दाम वळसा घालून मागे जायला हवं. आणि ज्यानं तो नर खरोखर मारला असेल, तोच मागे जाईल.

मग ती रविवारी क्लबला बोलावू लागली. बिअरमध्ये उकळून निखाऱ्यावर भाजलेले सॉसेज, बटाट्याची कोशिंबीर आणि हवे तितके बाण मारायला एक न हटणारं हरीण. पहिल्या रविवारी मर्ल आणि आणखी थोडे आले. मग जास्त आले. बाण ओढताना जो तो शिव्या द्यायचा.

"आर्डिस, हे हरीण आहे की ओकचं खोड?"

"तुझा हात आहे की शेवई?"

ऑर्व्हिल डाखेही यायचा. शिकारीची मुंडकी पेंढा भरून, भिंतीवर लावायला तयार करून देणारा. बारवरचा नर त्यानंच भरला होता. आर्डिसनं त्याला त्याबद्दल एक शब्द विचारला नाही. एकटा गाठून विचारलं असतं तर ऑर्व्हिलनं गिऱ्हाइकाची बाजू धरली असती किंवा आठवत नाही म्हणाला असता. ती फक्त त्याच्या ताटात दुसरा सॉसेज वाढायची.

गॉर्डी आला नाही. एकेक रविवार गेला. कुंपणापलीकडे तो आपल्या अंगणात एकटा बाण मारायचा आणि इकडे हसणं ऐकू यायचं. आर्डिसला घाई नव्हती. हरणाचा ठोकळा तिनं एकदा तपासला. मिटलेला होता. अजून तसाच एक उन्हाळा निघाला असता.

मका डोक्याएवढा झाला तेव्हा गॉर्डी धनुष्य घेऊन कुंपणाच्या फाटकातून आत आला.

"काय गं, पार्टीला शेजाऱ्याला बोलावणं नाही?"

"फाटकाला कुलूप कधी नव्हतंच," आर्डिस म्हणाली. "ये. मार."

त्यानं मारलं. सगळे बाण ठोकळ्याच्या मागे, पोटात. एकाच मुठीत मावतील असे जवळजवळ, पण पोटात. कोणीतरी शीळ वाजवली.

"आतडी बाहेर काढलीस बिचाऱ्याची."

"तुमचा ठोकळाच चुकीच्या जागी आहे," गॉर्डी म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

आर्डिस सॉसेज उलटत होती. तशीच, मान न वळवता म्हणाली, "मग तो बारमधला कसा पडला रे? सगळे विचारतात. हे हरीण त्याच्याएवढंच आहे. दाखव ना, कुठे बसला होता बाण."

त्या लोकांत असं विचारलं की माणूस थांबत नाही. ज्यानं नर मारलाय त्यानं तो पुन्हा मारून दाखवायचाच असतो. झाड कुठे होतं, वारा कुठून होता, सगळं. गॉर्डीनं बारमध्ये ही गोष्ट कितीदा सांगितली होती, पण हवेत हात फिरवून. आता समोर हरीण होतं. तो बिअरचा डबा हातात घेऊन रुबाबात चालत गेला. आर्डिसनं चिमटा खाली ठेवला. तो वळसा घालेल का, एवढंच ती बघत होती.

त्यानं वळसा घातला नाही. उजव्या कुशीपुढे उभा राहिला आणि बोट ठेवलं. मधोमध. जिथे तो रोज संध्याकाळी मारायचा तिथे.

"इथे," गॉर्डी म्हणाला. "असा उभा होता. धाडकन पडला."

"इथे?" ऑर्व्हिल तोंडातला घास गिळून म्हणाला. "नाही रे."

"काय नाही?"

"उजवीकडे भोकच नव्हतं. डावीकडे होतं, पायामागच्या घडीत. मीच शिवलं ना. घडीत शिवण लपवायला किती वेळ गेला माझा."

"उलटं धरलं असशील कातडं."

"मी डावं-उजवं विसरायला लागलो, तर गावातली हरणं भिंतीकडे तोंड करून टांगलेली दिसतील," ऑर्व्हिल म्हणाला. एकदोघं हसले आणि मग हसायचे थांबले. सगळ्यांना एकदमच कळत होतं.

आर्डिस हरणाजवळ गेली. बांधाच्या बाजूनं वळसा घालून तिनं डाव्या कुशीवर, घडीत, हात ठेवला. "इथे ना, ऑर्व्हिल?"

"तिथेच."

"मी इथे मारला होता. बारमध्ये हा म्हणाला, माझा बाण पाठीवरून गेला. तुम्ही हसला होतात."

"बरं, मग?" गॉर्डीचा आवाज चढला. "माझ्या जमिनीत पडला होता तो! माझ्या जमिनीत मेला तर माझाच ना?"

"पडला होता?" आर्डिस म्हणाली. "मगाशी तर तू मारलास म्हणालास."

गॉर्डीनं लोकांकडे पाहिलं. कोणी त्याच्याकडे बघेना. मर्लनं आपला बाण काढायला हरणाला गुडघा लावला आणि विनाकारण जास्त वेळ ओढत राहिला. गॉर्डी आपले बाण न काढताच फाटकातून गेला.

"त्याचे बाण?" कोणीतरी विचारलं.

"राहू देत," आर्डिस म्हणाली. "सॉसेज करपतायत, घ्या."

त्या शुक्रवारी बारवाल्यानं शिडी लावली. मुंडकं उतरवून आर्डिसला द्यायचं त्यानं ठरवलं होतं. ती शिडीखाली उभी राहिली.

"उतरवू नको."

"अगं तुझं आहे ते."

"माहितेय. तिथेच असू दे. पट्टी तेवढी बदल." तिनं खिशातून नवी पट्टी काढली. मर्लकडून कोरून आणली होती. वरच्या ओळीत 'मारला: आर्डिस ह्यूबर'. खालच्या ओळीत 'उचलला: गॉर्डी प्लिस्का'.

बारवाला शिडीवर थांबला. "हे जरा जास्त होत नाही का?"

"माशाचा दर तू ठरवतोस ना? हा मी ठरवलाय."

त्यानं पट्टी लावली.

गॉर्डी त्यानंतर बारमध्ये आला नाही. क्लबच्या रविवारीही नाही. ज्यांच्याबरोबर तो जन्मभर पत्ते खेळला ते त्याला पेट्रोल पंपावर हात करायचे, पण थांबायचे नाहीत. मासा घरी न्यायला त्याची बायको बर्नीस येऊ लागली. ती दाराजवळ उभी राहायची, कोट न काढता, आणि पिशवी मिळाली की जायची.

पानगळीत एका शुक्रवारी तिला थांबावं लागलं. मासे अजून तळायचे होते. ती आर्डिसच्या टेबलाशी आली.

"आर्डिस, पुरे झालं आता. काढून टाक ती पट्टी. तो घराबाहेर पडत नाही. जेवत नाही धड."

आर्डिसनं काटा खाली ठेवला. "मी तुमच्या दारात आले होते, तेव्हा तू आत होतीस?"

बर्नीस काउंटरकडे वळून बघू लागली.

"सासरची माणसं आलीत म्हणाला तो. म्हणजे तुझ्या माहेरचीच ना? मग तुझ्या अंगणात एकही परकी गाडी कशी नव्हती?"

"त्यानं मला सांगितलं, चूप राहा."

"राहिलीस."

"शेजारी आहोत गं आपण."

"हो. म्हणूनच मी दार वाजवलं होतं. नाहीतर कुंपण ओलांडून माझा नर ओढून आणला असता, आणि तुम्हाला कळलंही नसतं."

काउंटरवरून बर्नीसच्या नावानं हाक आली. तिनं तेलकट पिशवी घेतली. जाताना एकदा वर, भिंतीकडे पाहिलं आणि लगेच मान खाली घातली.

"जा लवकर," आर्डिस म्हणाली. "पिशवीत मासा मऊ पडतो."

दार लागलं. आर्डिसनं आपल्या माशावर लिंबू पिळलं आणि खायला लागली. मासा गरम होता, कुरकुरीत होता.