निंबाआप्पांचं नाक

पहिल्याच दिवशी निंबाआप्पांनी मला कारखान्याच्या दारातून परत पाठवलं. नोकरीचा पहिला दिवस म्हणून मी अंगाला सुगंधी पावडर लावून गेलो होतो. "साहेब, लगीनमा जाई ऱ्हायना का? जाय, हातपाय धुई ये."

तापीकाठच्या आमच्या कारखान्यात उसाची मळी यीस्ट घालून आंबवतात. तिच्यातून इथेनॉल निघतं आणि पेट्रोलमध्ये मिसळायला जातं. मी तिथे नवा केमिस्ट, घरातला पहिला पदवीधर. कोरीट गावचे आप्पा चौथी शिकलेले, पण टाक्या त्यांच्या नाकावर चालत. त्यांची आई बिबड्यांसाठी, म्हणजे ज्वारीच्या पापडांसाठी, ज्वारी तीन दिवस भिजत घालायची, त्या माठावर हे नाक तयार झालेलं. "चांगलं आंबनं का गोड वास येस. बिघडनं का नाकमा टोचस." मी आकडे वाचू लागलो की हसत, "तुन्हा मीटरले नाक शे का?"

एका सकाळी ते म्हणाले, "तीन नंबरनी टाकी टोची ऱ्हायनी. नमुना काढ."

तापमान बरोबर होतं. "वासावर कारखाना चालत नाही, आप्पा. दुपारी बघू," मी म्हणालो. नोंदवही माझ्याकडे असायची. तिच्यात मी काहीच लिहिलं नाही.

दुपारपर्यंत टाकीत नको ते जंतू माजले. सगळा माल आंबट होऊन वाया गेला. मॅनेजरांनी दोघांना बोलावलं. माझं प्रोबेशन संपत आलं होतं.

"मला कोणी सांगितलं नाही," मी म्हणालो.

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मग खाली बघून म्हणाले, "मी सांगं नही, साहेब. मन्ही चूक शे."

त्यांना टाक्यांवरून काढून फाटकावर बसवलं. माझी नोकरी कायम झाली.

महिन्याने धीर करून कोरीटला त्यांच्या घरी गेलो. "आप्पा, त्या दिवशी मी..." एवढंच बोललो. "बस. चहा पी," ते म्हणाले. काकू चहा घेऊन आल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "यास्नी चूक पोटमा घाला, साहेब."

आप्पांनी खरं काय ते घरातही सांगितलं नव्हतं. मी चहा प्यायलो आणि निघालो.

गेल्या उन्हाळ्यात आप्पा गेले. दशक्रियेला काकू पाहुण्यांना माझी ओळख करून देत होत्या, "एवढं नुकसान व्हयनं, तरी या साहेबनी यास्ले सांभाळी लिधं." त्या सगळ्यांसमोर मी होकाराची मान हलवली.